पत्त्याच्या बाजूचं नाव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोस्टकार्डाची एक खोड आपल्या घराघरांत ठाऊक होती. ते उघडं असायचं. पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत ज्याच्या हाती पडेल त्यानं ते वाचावं आणि वाचलंच नाही असं दाखवावं, हा आपला जुना रिवाज. म्हणून कार्डावर लिहायचं ते बेतानं. सुखरूप पोचलो, पाऊस बरा आहे, थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. मनातलं काही लिहायचं असेल तर त्यासाठी पाकीट.

या कार्डाचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीत झाला, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडात आलं आणि १ जुलै १८७९ पासून हिंदुस्थानात पाव आण्याला, म्हणजे त्या वेळच्या एका पैशाला मिळू लागलं. सुरुवातीला त्याची एक बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली असे. मजकूर लिहायचा तो दुसऱ्या बाजूला. पुढे चित्रांची कार्डं निघाली तेव्हा पंचाईत झाली. चित्रानं मजकुराची जागा खाल्ली आणि लोक चित्राच्या कडेला, आभाळाच्या रिकाम्या जागेत, दाटीवाटीनं दोन ओळी खरडू लागले. १९०२ साली ब्रिटिश टपालखात्यानं परवानगी दिली, की पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करा, डावीकडे मजकूर लिहा, उजवीकडे पत्ता. इतर देशांनीही हळूहळू तेच केलं. त्यानंतर पहिल्या महायुद्धापर्यंत चित्रकार्डांचा नुसता सुकाळ होता. सहलीला गेलेल्या तरुण मुली मैत्रिणींना कार्डं पाठवायच्या आणि आलेली कार्डं आल्बममध्ये लावून ठेवायच्या.

आज ही कार्डं मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात हाती लागतात. हौशी तरुण-तरुणी ती शोधत हिंडतात. चित्र बघतात, तिकीट बघतात, शिक्का वाचतात. मजकुरावरून पाठवणाऱ्याचा थोडा अंदाज येतो. पण जिला ते कार्ड आलं तिचं काय? उजव्या बाजूला तिचं नाव आणि पत्ता, बस्स. तिनं काय उत्तर दिलं, ती कुठं कुठं हिंडली, तिला काय वाटलं, हे कार्डाला माहीत नसतं.

आज मी एका अशाच स्त्रीबद्दल बोलणार आहे. कविता लिहिणारी, वाचणारी माणसं तिला इकबालच्या चरित्रात भेटतात. इकबालनं जिला पत्रं लिहिली ती. शिबली नोमानींनी जिला पत्रं लिहिली तीही हीच. दोन थोर माणसांच्या पत्रांवरचं पत्त्याचं नाव, एवढीच तिची ओळख उरली आहे. ते नाव आतिया फैजी. आणि त्यांचा पत्ता आपल्या इकडचा होता, मुंबईचा आणि मुरुड-जंजिऱ्याचा.

आतियाबेगमचा जन्म १८७७ सालचा, इस्तंबूलचा. वडील हसनअली व्यापारानिमित्त तिकडे होते. घराणं सुलेमानी बोहऱ्यांचं, तय्यबजींच्या गोतातलं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतातले. पक्षितज्ज्ञ सालिम अलीही याच गोतावळ्यात वाढले.

या घराण्यात एक फार सुंदर चाल होती. घरात एक मोठी वही ठेवलेली असे. तिला म्हणत अखबार. अखबार म्हणजे बातम्या, खबरचं अनेकवचन. घरातल्या कुणीही त्या वहीत लिहावं. आज कोण आलं, कुणाची तबियत बिघडली, कुणाचं लग्न ठरलं, कुठं फिरायला गेलो, कोणतं पुस्तक वाचलं. वडीलधाऱ्यांनी लिहावं तसं मुलींनीही लिहावं, पाहुण्यांनीही लिहावं. आणि जो येईल त्यानं ते वाचावं. पोस्टकार्डासारखंच उघडं लिहिणं, फक्त टपालात न टाकलेलं. शहरातल्या घरांत अशा वह्या होत्या तशा सुट्टीच्या मुक्कामीही होत्या.

सुट्टीचे मुक्काम कुठले? एक अलिबागजवळचं किहीम. नारळी-पोफळीच्या सावलीतलं ते गाव या मंडळींचं आवडतं. सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास १९३० साली तिथेच केला. दुसरा मुक्काम माथेरान. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली माथेरानचा डोंगर पाहिला आणि तिथं वस्ती सुरू झाली. वर जायचं तर घोडा, डोली किंवा पाय. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. ती बांधणारं पीरभाई घराणंही बोहरा समाजातलं होतं. मुंबईची सुखवस्तू माणसं चार दिवस हवापालटासाठी डोंगरावर नाही तर समुद्रकाठी जाऊ लागली, तो हा काळ.

त्या काळी बाईमाणसाचा प्रवास म्हणजे माहेर ते सासर, फार तर एखादी यात्रा. हिंदू घरात तसंच, मुसलमान घरातही तसंच. अशा वेळी या घराण्यातल्या मुली किहीमच्या वाळूत चालत होत्या आणि संध्याकाळी वहीत त्याबद्दल लिहीत होत्या. चालणं आणि चालण्याबद्दल लिहिणं या दोन्ही सवयी त्यांना बरोबरच लागल्या.

आतियांची एक बहीण नाझली. तिचं लग्न १८८६ साली जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमदखान यांच्याशी झालं. आपण मुरुडला जातो, शिडाच्या होडीतून किल्ला पाहून येतो, शहाळं पितो, परततो. नवाबाचा राजवाडा लांबून बघतो. त्या राजवाड्यातली बेगम उत्तम उर्दू लिहायची हे कितीजणांना ठाऊक असतं? १९०८ साली ती नवाबांबरोबर युरोपला गेली. आतियाही बरोबर होत्या. त्या प्रवासावर नाझलीबेगमनं ‘सैर-ए-यूरोप’ हे पुस्तक लिहिलं. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, एका छोट्या संस्थानाच्या बेगमनं शंभरावर वर्षांपूर्वी लिहिलेलं हे प्रवासवर्णन.

पण त्याआधी आतिया एकट्या लंडनला जाऊन आल्या होत्या, आणि आपली खरी गोष्ट ती आहे.

साल १९०६. आतियांचं वय एकोणतीस. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळाच्या हिशेबात ही गोष्ट केवढी मोठी होती हे वेगळं सांगायला नको. लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचं शिक्षण घेण्यासाठी त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. ऑगस्टमध्ये घराण्याचे आधार असलेले बद्रुद्दीन लंडनमध्येच वारले. तरी आतियांचं जाणं थांबलं नाही. सप्टेंबरमध्ये त्या ‘मोल्डेव्हिया’ नावाच्या बोटीनं निघाल्या.

बोटीत बसल्यापासून त्यांनी लिहायला सुरुवात केली. रोजनिशी लिहावी आणि ती पत्रासारखी घरी पाठवावी असा क्रम. घरी ती वाचत होती बहीण जेहरा. जेहरानं ती नुसती वाचून ठेवून दिली नाही. ती नीट लावली आणि लाहोरला ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या साप्ताहिकाकडे पाठवली. हे साप्ताहिक १८९८ साली मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी स्त्रियांसाठी सुरू केलेलं. संपादनाचं काम मुहम्मदी बेगमच पाहत. १९०७ साली त्यात आतियांचं लेखन क्रमशः येत राहिलं. ज्या बायकांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, त्या पंजाबात, दिल्लीत, लखनौत आपापल्या घरी बसून लंडनच्या रस्त्यांवरून हिंडू लागल्या.

१९२१ साली या लेखनाचं पुस्तक आग्र्याहून निघालं. त्याचं नाव ‘जमाना-ए-तहसील’. आपल्याकडे तहसील म्हटलं की मामलेदार कचेरी आणि सातबाराचा उतारा डोळ्यांपुढे येतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मिळवणं, हासिल करणं. महसूल मिळवायची ती तहसील आणि विद्या मिळवायची तीही तहसीलच. तेव्हा पुस्तकाच्या नावाचा अर्थ विद्यार्जनाचे दिवस.

या पुस्तकात काय आहे? थोर विचार शोधायला जाल तर ते जागोजागी सापडणार नाहीत. कॉलेजचं वेळापत्रक आहे. व्याख्यानं आहेत. आज कोण भेटायला आलं, कुणाकडे चहाला गेलो, बाग पाहिली, चित्रांचं दालन पाहिलं, दुकानं पाहिली. तिथल्या बायका कशा शिकतात, कशी कामं करतात, वेळेला कशा पक्क्या असतात. आणि मग, आमच्या बायकांना हे कधी साधणार, असा सुस्कारा. आतियांचा पोशाख डोकं आणि अंग झाकणारा, पण चेहरा उघडा ठेवणारा होता. तो त्यांनी स्वतःच ठरवून घेतला होता. रस्त्यातली माणसं वळून बघत. बघितली जाणारी ही स्त्रीही तितक्याच डोळसपणे त्यांना बघत होती आणि घरी लिहीत होती.

कॉलेजच्या धबडग्यातून सवड काढून त्यांच्या सहली चालत. एप्रिल १९०७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तिथं सय्यद अली बिलग्रामी राहत होते. त्यांच्याकडे मेजवानी होती. बरोबरच्या मंडळींत एक तरुण होता, महंमद इकबाल. त्याच महिन्याच्या एक तारखेला लंडनमध्ये मिस बेक यांच्या घरी दोघांची पहिली भेट झालेली. पुढे ऑगस्टमध्ये आतिया जर्मनीत हायडेलबर्गला गेल्या. इकबाल तिथं जर्मन शिकत होते. नेकार नदीत नावेतून फिरणं, डोंगरावरच्या बागा, वनभोजन, गाणं, वादविवाद. तरुण माणसांनी परदेशात घालवलेले ते थोडे दिवस होते.

शिक्षणक्रम मात्र पुरा झाला नाही. तब्येतीनं साथ दिली नाही आणि वर्षभरातच, १९०७ मध्ये, आतिया मुंबईला परतल्या. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. हिशेब मांडणारा म्हणेल, शिष्यवृत्ती वाया गेली. मला तसं वाटत नाही. लाहोरच्या साप्ताहिकाचे ते अंक ज्या घरांत पोचले, तिथल्या मुलींच्या खात्यावर ती शिष्यवृत्ती जमा झाली असं मी धरतो.

आपल्या मराठीलाही हा प्रकार नवा नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथून त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेलं पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून त्याच वर्षी छापून निघालं. त्याच साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, त्याही एका पत्राच्या पायी. त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीला. त्यांचा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी तो दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला आणि न पाहिलेल्या एका मराठी मुलीला पत्र लिहिलं. १८८७ साली आनंदीबाई गेल्या तेव्हा त्यांच्या अस्थी याच मैत्रिणीकडे पाठवण्यात आल्या. रमाबाई, आनंदीबाई आणि त्यानंतर तेवीस वर्षांनी आतिया. तिघींचीही वाट समुद्रापलीकडे जाते. पहिल्या दोघी आपल्याला माहीत आहेत. तिसरीनं उर्दूत लिहिलं, म्हणून ती आपल्या हिशेबातून गळली. मुंबईची, कोकणाशी नात्यानं बांधलेली ही स्त्री तिकडची होऊन गेली.

बरं, तिकडे तरी काय झालं? मुंबईला परतल्यावर इकबाल आणि आतिया यांचा पत्रव्यवहार काही वर्षं चालू राहिला. इकबाल इंग्रजीत लिहीत. १९०९ सालचं त्यांचं एक पत्र फार गाजलेलं आहे. त्यात त्यांनी आपल्या पहिल्या लग्नाचं दुःख आणि मनाची तगमग मोकळेपणानं मांडली आहे. आतियांनी त्यांना जंजिऱ्याला येण्याचा आग्रह केला होता. शिबली नोमानी तर जंजिऱ्याला पाहुणे म्हणून राहून गेले. त्यांनी आतिया आणि जेहरा या दोघी बहिणींना लिहिलेली पत्रंही पुढे पुस्तकरूपानं आली. आतियांनी स्वतः १९४७ साली इकबालवरचं आपलं पुस्तक मुंबईहून प्रसिद्ध केलं. त्यात पत्रं आहेत ती इकबालची.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. वाचणाऱ्यांनी ती पत्रं उलटीपालटी करून पाहिली. या दोघांत काय होतं, यावर लेख लिहिले गेले, वाद झाले, कुजबुज झाली. इकबालच्या मनाचा शोध म्हणून आतिया, शिबलींच्या गझलांमागची प्रेरणा म्हणून आतिया. आम्ही कवी मंडळी या बाबतीत फारशी न्यायी नसतो. कवीच्या आयुष्यात आलेली स्त्री म्हणजे कवितेचा कच्चा माल, असं धरून चालतो. ती स्वतः लेखिका आहे, इकबालचं नाव मोठं होण्याआधीच तिचं लेखन शेकडो घरांत वाचलं जात होतं, हे विसरून जातो.

आणि आतिया गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. १९२५ साली अलीगढला शिक्षण परिषद भरली. बायकांनी पडद्याआड बसायचं असा दंडक. आतियांनी तो मानला नाही. त्या पुढे आल्या आणि बोलल्या. शिक्षणाची परिषद आहे, तर ज्यांना शिक्षण हवं आहे त्यांना पडद्याआड का बसवता, एवढाच सवाल त्या कृतीत होता.

१९१२ साली त्यांनी लग्न केलं ते सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशी. हे गृहस्थ पुण्याचे, बेने इस्रायली. म्हणजे आपल्या कोकणातले शनवारतेली, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते त्या समाजातले. जे. जे. स्कूलमध्ये आणि मग लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेले. त्यांची चित्रं लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. लग्नासाठी त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि आणखी एक गोष्ट केली, जी आजही ऐकायला मिळत नाही. त्यांनी बायकोचं आडनाव आपल्या नावाला जोडलं. सॅम्युएल फैजी-रहमीन. पत्त्यावरचं नाव बदलण्याची पाळी एकदा तरी पुरुषावर आली.

दोघांनी मिळून खूप काम केलं. आतियांचं भारतीय संगीतावरचं इंग्रजी पुस्तक १९१४ साली लंडनहून निघालं. त्यात चित्रं नवऱ्याची. मुंबईत त्यांनी ‘ऐवान-ए-रिफअत’ हे घर उभं केलं. तिथं गाणं व्हायचं, चर्चा व्हायच्या आणि वस्तूही जमत होत्या. जुनी चित्रं, कापडं, दागिने, कलाकुसरीच्या चिजा. जुन्या वस्तूंची हौस ही श्रीमंतांची लहर असं आपण म्हणतो. पण जुनं ते टाकाऊ, असं सगळे म्हणत असताना कुणीतरी ते उचलून पुसून ठेवावं लागतं. नाही तर मागच्या पिढ्यांच्या हातांनी काय केलं हे पुढच्यांना कळणार कसं?

फाळणी झाली. १९४८ साली आतिया, सॅम्युएल आणि नाझलीबेगम कराचीला गेले. जीनांनी बोलावलं होतं असं सांगतात. तिथं त्यांनी पुन्हा तसंच घर बांधलं, त्याच नावाचं. मुंबईतल्या वस्तू तिथं मांडल्या. पण जीना गेले आणि दिवस फिरले. हे घरही त्यांना सोडावं लागलं. अखेरची वर्षं हलाखीत गेली. १९६४ मध्ये सॅम्युएल वारले आणि ४ जानेवारी १९६७ रोजी आतियाही गेल्या. जमवलेला संग्रह कराचीच्या महापालिकेकडे राहिला. ज्या स्त्रीनं आयुष्यभर घरं सजवली, पाहुणे बोलावले, तिला शेवटी स्वतःच्या घरात जागा उरली नाही.

मग उरलं काय? उरलं ते लिहिलेलं. २०१० साली सिओभान लँबर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा या दोन अभ्यासकांनी आतियांच्या त्या लंडनच्या रोजनिशीचा इंग्रजी अनुवाद टिपांसह प्रसिद्ध केला. घराण्याच्या अखबार वह्यांमधून त्याच गोतातल्या सलीमा तय्यबजी यांनी २०२३ साली एक पुस्तक सिद्ध केलं. आज एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या मुंबईच्या मुसलमान घरांत बायका काय वाचत होत्या, कशा बोलत होत्या, सुट्टीत कुठं जात होत्या, हे शोधणाऱ्याला याच कागदांकडे यावं लागतं. दरबाराच्या दप्तरात हे सापडत नाही. सरकारी गॅझेटियरमध्ये जंजिऱ्याचं उत्पन्न मिळेल, तोफा मिळतील. बेगमनं संध्याकाळी काय लिहिलं ते मिळणार नाही.

या सगळ्यात मला सगळ्यांत मोठी वाटते ती बहीण, जेहरा. ती त्या वेळी लंडनला गेली नाही. केंब्रिजच्या मेजवानीला नव्हती, नेकारच्या नावेत नव्हती. आलेली पत्रं तिनं जपली, लावली, छापायला दिली. ते तिनं केलं नसतं तर आतिया खरोखरच इकबालच्या पत्रांवरचं एक नाव होऊन राहिल्या असत्या.

आपल्या घरांतही अशी पत्रं होती. आजीच्या ट्रंकेत, तारेला टोचलेली. कुणा मावशीनं महाबळेश्वरहून पाठवलेलं चित्राचं कार्ड, कुणा आत्यानं नोकरीच्या गावाहून लिहिलेली खुशाली, मैत्रिणीचं ईदमुबारक, मैत्रिणीचा तिळगूळ. घर बदलताना आपण ती रद्दीत घालतो. वडिलांचे जमिनीचे कागद, शाळेचे दाखले जपतो, कारण त्यांचं काम पडतं. बायकांच्या पत्रांचं काम पडत नाही असं आपल्याला वाटतं. चोरबाजारात आज जी कार्डं विकली जातात ती अशाच घरांतून निघालेली असतात. विकत घेणाऱ्याला नाव वाचता येतं, पण नातं सांगता येत नाही. ते सांगू शकणारी माणसं अजून आपल्या घरात आहेत, ऐंशीच्या पुढची आहेत. ती आहेत तोवर ट्रंक उघडा, त्यांच्या शेजारी बसा आणि प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा, ही कोण होती.